ऑनलाइन वर्गालाही दार असतं, बाई

नमस्कार ताई,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या मिळून चार तुकड्या, पटावर २२० मुलं. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी सांगितलं की यंदापासून गृहपाठ गूगल क्लासरूमवरच घ्यायचा. प्रशिक्षण काही झालं नाही. दोन ज्येष्ठ सर म्हणाले, “तुम्हाला लॅपटॉप येतो, आमचंही तुम्हीच बघा.” त्यांचे वर्गही मीच तयार करून दिले आणि आता तेही मीच सांभाळते.

रोज सहाशेच्या वर फोटो येतात. निम्मे आडवे, निम्मे अंधारात काढलेले. मुलांची खाती वडिलांच्या नाहीतर मोबाईल दुकानाच्या नावानं आहेत, त्यामुळे कोणाची वही कोणाची तेच कळत नाही. स्ट्रीमवर, म्हणजे वर्गाच्या सूचनाफलकावर, दिवसभर ‘गुड मॉर्निंग मॅडम’ आणि फुलं. रात्री साडेअकराला पालकांचे फोन, ‘सबमिट होत नाही’ म्हणून. मध्यंतरी ‘डॉन भाई’ नावाचा कोणीतरी वर्गात शिरून एका मुलीबद्दल घाण लिहून गेला. मी पोस्ट काढली, त्याला काढलं, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

तीस-पस्तीस मुलांच्या घरी स्मार्टफोनच नाही, त्यांच्या नावापुढे रोज लाल अक्षरात ‘मिसिंग’ दिसतं, ते बघवत नाही. आमच्याच शाळेत पाचवीच्या बाई मुलांची जन्मसालं वाढवून खाती काढून देतात, ते बरोबर आहे का? मी गुण भरले तरी मुलांना ते दिसत नाहीत. घरी माझी स्वतःची मुलगी चौथीत आहे आणि तिचा अभ्यास घ्यायला मला वेळ नाही. मी कमी पडते आहे का? मुख्याध्यापकांना सरळ ‘जमणार नाही’ सांगू का?

— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

---

प्रिय बाई,

पत्र वाचून मी आधी कागद घेतला आणि हिशेब मांडला. गणिताच्या बाईंना उत्तर द्यायचं म्हणजे तेवढं करायलाच हवं. २२० मुलं, एकेकाच्या वहीला फक्त एक मिनिट दिलंत तरी २२० मिनिटं. तीन तास चाळीस मिनिटं, रोज, शाळेतले सगळे तास घेऊन झाल्यावर, आणि त्यात शाळेच्या माहितीचं यू-डायस, पगाराचं शालार्थ वगैरे भरण्याची कामं धरलेलीच नाहीत. तुम्ही कमी पडता का, याचं उत्तर या गुणाकारातच आहे. या कामाला कोणीही कमीच पडेल. मुख्याध्यापकांशी काय बोलायचं ते पुढे सांगते, आधी दुसरी गोष्ट.

ती गोष्ट त्या मुलीची. तुम्ही ती तीन ओळींत उरकलीत, फोटोंवर त्याहून जास्त लिहिलंत. मी तुम्हाला दोष देत नाही. थकलेल्या माणसाला सगळंच सारखं दिसायला लागतं. पण हे सगळ्यांत आधी आणि आजच करायचं आहे.

‘डॉन भाई’ परत आला, कारण काढून टाकलेला माणूस वर्गाचा कोड हाती असेल तर पुन्हा आत येऊ शकतो. तुम्ही कोड पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असणार, तिथून तो गावभर फिरला असणार. वर्ग उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर जा, खाली इन्व्हाइट कोड्स दिसेल. तिथे कोड बदलता येतो, म्हणजे ‘रीसेट’, किंवा पूर्ण बंद करता येतो, म्हणजे ‘टर्न ऑफ’. तुमची २२० मुलं आत आलेली आहेत, तेव्हा बंदच करा. त्यांना काही फरक पडत नाही, ती आतच राहतात. नवीन प्रवेश झाला तर दोन मिनिटं कोड चालू करून मूल समोर उभं असताना जोडायचं आणि पुन्हा बंद. आपण तास सुरू झाला की दार लोटून घेतोच ना? मग ‘पीपल’मध्ये जाऊन हजेरीपटाशी एकेक नाव ताडून पाहा. पटावर नसलेलं नाव दिसलं की काढा. ‘डॉन भाई’ एकटाच शिरला असेल असं समजू नका.

आता त्यानं लिहिलेलं. तुम्ही पोस्ट काढलीत, ते योग्यच. पण ती पूर्ण गेलेली नाही. त्याच सेटिंग्जमध्ये ‘शो डिलीटेड आयटम्स’ आहे, ते चालू केलं की काढलेल्या पोस्ट शिक्षकाला दिसतात, मुलांना दिसत नाहीत. तारीख, वेळ आणि खात्याच्या नावासकट तिचा स्क्रीनशॉट घेऊन मुख्याध्यापकांना लेखी पत्रासोबत द्या. स्टाफच्या ग्रुपवर टाकू नका, अगदी ‘बघा हो काय चाललंय’ म्हणूनसुद्धा नको. त्या ग्रुपवर पंधरा फोन आहेत आणि त्या पंधरा फोनशी खेळणारी पंधरा घरची मुलं आहेत. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, २०२२ च्या शासन निर्णयानं ती ठरवून दिलेली आहे. नुसती फलकावर असेल तर तिला कामाला लावायची हीच वेळ. लिहिलेला मजकूर लैंगिक स्वरूपाचा असेल तर मग ‘शाळेची बदनामी’ वगैरे चर्चेला जागाच नाही. पोक्सो कायद्यानुसार ज्याला अशी गोष्ट माहीत आहे त्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि त्यात शिक्षक आले, मुख्याध्यापकही आले. सल्ल्यासाठी चाईल्डलाईनचा १०९८ हा क्रमांक आहे.

आणि कोड बंद केलात की, मुख्याध्यापकांना पत्र देण्याच्या आधी त्या मुलीशी बोला. सगळ्यांसमोर बोलावून नेऊ नका. प्रयोगशाळेतल्या काचा मोजायला घेतलंय असं काहीतरी निमित्त काढा. ‘तुझी चूक नाही, ती पोस्ट काढलीय, तो आता आत येऊ शकत नाही, पुढे काय करायचं ते तुझ्या आईला बोलावून ठरवू’ एवढं पुरे. ‘तू कोणाशी बोलतेस का?’ हा प्रश्न चुकूनही नको. मी माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत तो एकदा विचारला होता. ती मुलगी वर्ष संपेपर्यंत माझ्याशी डोळे वर करून बोलली नाही.

स्ट्रीमचं काम त्या मानानं किरकोळ आहे. पुन्हा तेच दातेरी चाक, तिथे तीन पर्याय आहेत: मुलं पोस्ट आणि कॉमेंट दोन्ही करू शकतात, फक्त कॉमेंट करू शकतात, किंवा फक्त शिक्षकच लिहू शकतात. पहिला पर्याय आधीपासून निवडलेला येतो, म्हणून फुलं येतात. तिसरा करा. गुड मॉर्निंग संपलं. कोणी म्हणेल मुलांचा संवाद तुटतो. संवाद गृहपाठाखालच्या खासगी कॉमेंटमध्ये होऊ द्या. तिथे मूल आणि तुम्ही दोघंच असता, आणि वर्गात हात वर न करणारी मुलं तिथे विचारतात हा माझा अनुभव आहे.

रात्री साडेअकराच्या फोनांचं रहस्य सांगते. गृहपाठ देताना तुम्ही फक्त तारीख टाकता, वेळ टाकत नाही. मग क्लासरूम आपल्या मनानं रात्री ११.५९ ही वेळ धरतं. तुम्ही ती कधी ठरवलीच नव्हती, पण २२० घरांत समज असा की बाईंनी मध्यरात्रीपर्यंत मुदत दिली, म्हणजे बाई मध्यरात्रीपर्यंत जाग्या. तारखेशेजारी वेळेची जागा असते, ती भरा.

काय भरायची? इथे मला थोडा विचार करावा लागला. सायंकाळी सहा म्हटलं तर तुमच्या मुलांपैकी कित्येकांचा फोन वडिलांबरोबर कामावर असतो, तो आठला घरी येतो. म्हणजे रोजची कुठलीच वेळ रास्त नाही. मुदत आठवड्याची ठेवा: सोमवारी सकाळी आठ. मधला रविवार मिळतो, फोन घरात असतो, मोठ्या भावाला पकडता येतं. उशीर झाला तरी क्लासरूम साधारणपणे काम नाकारत नाही, नुसतं ‘लेट’ असं लिहितं. हे मुलांना स्पष्ट सांगा, कारण बरीच मुलं ‘आता वेळ गेली’ म्हणून टाकतच नाहीत आणि पालक मात्र घाबरून फोन करतात.

तुमच्या स्वतःच्या फोनवरच्या सूचनाही छाटा. ॲपमध्ये डावीकडच्या तीन रेघांत सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. उशिरा आलेलं काम, पुन्हा पाठवलेलं काम, कॉमेंट, प्रत्येकाचं वेगळं बटण आहे. खासगी कॉमेंटचं तेवढं ठेवा, बाकी सगळं बंद. पालकांच्या ग्रुपवर एकदाच हे टाका आणि पुढे वाद घालू नका:

‘गृहपाठ सोमवारी सकाळी ८ पर्यंत. उशिरा आला तरी घेतला जाईल, काळजी नको. अडचण असेल तर मुलानं शाळेत सांगावं किंवा मला संध्याकाळी ५ ते ६ फोन करावा. त्यानंतरचे फोन मी दुसऱ्या दिवशी घेईन. वहीत केलेला गृहपाठ शाळेत दाखवला तरी तो पूर्ण धरला जाईल.’

पहिला आठवडा लोक तरीही फोन करतील. उचलू नका. लेकीचा अभ्यास घ्या.

आता मुद्द्याचं बोलते. ते सहाशे फोटो.

तुम्ही शाळेत रोज २२० वह्या तपासत होतात का? नव्हतात. वर्गातून फिरताना नजर टाकायची, फळ्यावर उत्तर सोडवायचं, ‘कोणाचं चुकलं हात वर करा’ म्हणायचं आणि महिन्यातून एकदा वह्यांचा गठ्ठा घरी न्यायचा, अशी आपली पद्धत. क्लासरूमनं एकच बदल केला: गठ्ठा रोज घरी येतो. आणि तो येतो म्हणून आपल्याला वाटतं तो तपासलाच पाहिजे. यंत्राला मागवायला काही लागत नाही, तपासायला मात्र माणूस लागतो. म्हणून मागवायचंच कमी. हा माझा तुम्हाला खरा सल्ला, बाकीची सगळी बटणं आहेत.

एक रीत सुचवते. प्रत्येक तुकडीत पंचावन्न मुलं आहेत. या आठवड्यात हजेरी क्रमांक १ ते ११, पुढच्या आठवड्यात १२ ते २२, असं चालत गेलं की पाच आठवड्यांत तुकडी संपते. चार तुकड्यांची अकरा-अकरा मिळून ४४ मुलं. प्रत्येकाला पाच मिनिटं नीट द्या: कुठली पायरी चुकली, चिन्ह कुठे हरवलं, प्रमेय पाठ आहे की कळलंय. ४४ गुणिले ५. बघा, तेच २२० आले! पण आता ते रोजचे नाहीत, आठवड्याचे आहेत. आणि ज्या मुलाला एका मिनिटात नुसती बरोबरची खूण मिळत होती त्याला पाच आठवड्यांतून एकदा का होईना, बाईंनी आपली वही वाचली हे कळतं. कोणाची पाळी आहे हे आधी सांगायचं की नाही ते तुमच्या मुलांवरून ठरवा. मी नववीला सांगायची, आठवीला नाही.

उरलेल्यांचं काय? त्यांनी वहीतच करायचं. आठवड्यातून एकदा दहा प्रश्नांची छोटी चाचणी गूगल फॉर्म्सवर द्या. बहुपर्यायी प्रश्न असतील आणि उत्तरसूची भरलेली असेल तर गुण फॉर्मच देतो, प्रश्नांचा क्रमही प्रत्येकासाठी बदलता येतो. त्यात सर्वांत जास्त मुलांचा चुकलेला प्रश्न कोणता हे ‘रिस्पॉन्सेस’मध्ये आलेखासकट दिसतं. सोमवारचा पहिला तास त्या प्रश्नावर घ्या. मला विचाराल तर क्लासरूमचा खरा उपयोग एवढाच: तासाला जाण्यापूर्वी कळतं की वर्गमूळ कळलंय पण घनमूळ नाही. चाचणीत नक्कल होणार, हे धरून चाला. शेजारच्या मुलाला फोन लावून उत्तर विचारतील. होऊ दे. परीक्षा वर्गात होते, ही चाचणी तुमच्या माहितीसाठी आहे, असं त्यांना सांगितलंत की निम्मी नक्कल कमी होते. उरलेली निम्मी फोन नसतानाही होतच होती.

ज्यांचे फोटो मागवणार त्यांना गूगल ड्राइव्हच्या ॲपमधलं स्कॅन शिकवा. अधिक चिन्ह, मग स्कॅन. चार पानांची एकच पीडीएफ होते, कडा कापल्या जातात, अंधार बराच जातो. वर्गात तुमचा फोन घेऊन एकदा करून दाखवा, मुलं दहा मिनिटांत तुम्हालाच शिकवतील. उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं लिहिल्याशिवाय चैन पडत नसेल तर क्लासरूमच्या मोबाईल ॲपमध्ये बोटानं पीडीएफवर लिहिता येतं. मला ते आवडतं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतं, पण मुलांना ते टाइप केलेल्या शेऱ्यापेक्षा आपलं वाटतं.

एकच काम चारही वर्गांत वेगवेगळं टाकत असाल तर थांबा. गृहपाठ तयार करताना वर वर्गाचं नाव असतं, तिथे एकापेक्षा जास्त वर्ग निवडता येतात. मागच्या वर्गातलं जुनं काम ‘रीयूज पोस्ट’नं उचलता येतं. क्लासवर्कमध्ये धड्यांच्या नावानं टॉपिक करा, नाहीतर दिवाळीनंतर ‘मॅडम, जूनमधला तो कागद कुठाय’ सुरू होईल.

फाइल जोडताना मात्र तिच्या शेजारचा छोटा पर्याय बघायला विसरू नका. ही माझी फजिती. २०२० च्या टाळेबंदीत मी नववीला निबंधाचा सांगाडा दिला आणि ‘स्टुडंट्स कॅन एडिट फाइल’ निवडलं. मला वाटलं, मुलांना लिहायचं आहे म्हणजे एडिट हवंच. त्याचा अर्थ असा की सगळ्या वर्गाला मिळून एकच कागद! अठ्ठेचाळीस मुलं एकाच पानावर लिहायला बसली. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं पुसलं, तिसऱ्यानं मध्येच क्रिकेटचा स्कोअर टाकला, आणि शेवटी मोठ्या अक्षरात एक ओळ उरली: ‘माझा निबंध कोणी पुसला ते समोर या.’ हवं असतं ते ‘मेक अ कॉपी फॉर ईच स्टुडंट’. हे गृहपाठ पाठवण्यापूर्वीच निवडावं लागतं, एकदा पाठवला की तो पर्याय जातो.

नावांची भानगड. खात्यावरचं नाव शिक्षकाला बदलता येत नाही, ते खातेदारानंच बदलायचं. पालकसभेला पाच मिनिटं काढून वडिलांच्या हातातला फोन घेऊन मुलाचं वेगळं खातं काढून द्या. एकाच फोनवर दोन-तीन खाती राहतात, ॲपमध्ये वरच्या गोल चित्रावर बोट ठेवलं की खातं बदलतं. भाऊ-बहीण दोघं असतील तर तेही सुटतं. तोवर पहिल्या पानावर ‘९ब-१७’ असा वर्ग आणि क्रमांक लिहायला लावा, आणि ‘श्री अमुक मोबाईल शॉपी’ म्हणजे कोण याची एक यादी वहीच्या मागच्या पानावर ठेवा. मोबाईल दुकानदारानं काढून दिलेल्या खात्यांचे पासवर्डही त्याच्याकडेच असतात, तेवढे पालकांना बदलायला सांगा.

‘सबमिट होत नाही’ याचं एक कारण पालकांच्या लक्षात येत नाही. साध्या गूगल खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे आले. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. वडिलांच्या खात्यात लग्नाचे व्हिडिओ आणि सुविचार भरून जागा संपली की लेकीचा गृहपाठ वर चढत नाही. मुलाला वेगळं खातं असलं की हेही मिटतं.

पाचवीच्या बाईंचं म्हणाल तर ते बरोबर नाही, आणि हे त्यांना चहाच्या वेळेला प्रेमानं पण नक्की सांगा. भारतात स्वतःचं गूगल खातं काढायला १३ वर्षं पूर्ण लागतात. त्याखालच्या मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीखालीच काढायचं असतं. जन्मसाल वाढवलं की दहा वर्षांच्या मुलाला गूगल मोठं माणूस समजतं आणि मोठ्या माणसाला दाखवायचं ते दाखवतं. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालकच धरतो आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांची संमती हा त्याचा पाया आहे. खोटं साल शाळेतल्या शिक्षिकेनं भरलेलं असणं कोणाच्याच हिताचं नाही. पाचवीला वही आणि पाटी चांगली चालते.

यावरचा सरळ मार्ग म्हणजे शाळेची स्वतःची खाती. गूगलचं वर्कस्पेस फॉर एज्युकेशन, त्यातलं फंडामेंटल्स हे मान्यताप्राप्त शाळांना मोफत आहे. शाळेच्या नावाचा डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लागतो, त्याचं वर्षाला थोडं भाडं पडतं. मग प्रत्येक मुलाला शाळाच खातं देते, नाव हजेरीपटावरचं, पासवर्ड विसरला तर शाळाच बदलून देते, बाहेरचा ‘डॉन भाई’ सहजी आत येत नाही, आणि पालकांना मुलाच्या कामाचा सारांश ईमेलनं जाऊ शकतो, जो साध्या खात्यांच्या वर्गात जात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारनं गूगलशी भागीदारी करून हे शाळांसाठी खुलं केलं होतं. तुमच्या शाळेनं तेव्हा नोंदणी केलीय का, हे कार्यालयात विचारा. केली असेल आणि पासवर्ड बदली झालेल्या कुणा सरांच्या डायरीत असेल, असंही मी पाहिलंय.

त्या तीस-पस्तीस मुलांसाठी नियम एकच: क्लासरूमवर जे आहे ते वहीत करता आलं पाहिजे आणि त्याला तेवढेच गुण मिळाले पाहिजेत. मुलानं ऑनलाइन काही पाठवलं नसलं तरी ग्रेड्सच्या पानावर त्याच्या नावापुढे तुम्ही गुण भरू शकता. वही बघा, गुण भरा, लाल ‘मिसिंग’ बघत बसायची वेळ येणार नाही. चाचणीचा फॉर्म छापून चार-पाच झेरॉक्स ठेवा, किंवा शाळेत संगणक कक्ष असेल तर मधल्या सुट्टीत उघडून द्या. कोणी गृहपाठ पाठवला नाही याची यादी पालकांच्या ग्रुपवर टाकायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद करा. फोन नसणं ही गृहपाठातली चूक नाही, आणि त्या यादीत तीच तीच नावं असतात हे सगळ्या गावाला कळतं.

राहिले दोन सर. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! त्यांच्या वर्गाच्या ‘पीपल’मध्ये त्यांना सहशिक्षक म्हणून आमंत्रण पाठवा. सहशिक्षक जवळजवळ सगळं करू शकतो, वर्ग कायमचा पुसणं तेवढं करू शकत नाही, तेव्हा ‘माझ्याकडून उडालं तर?’ ही त्यांची सबब आधीच बाद. त्यांच्यासोबत दोन दुपारी बसा, गृहपाठ देणं आणि गुण भरणं या दोनच गोष्टी शिकवा. तिसऱ्या दुपारी बसू नका. ज्येष्ठ माणसाला नाही म्हणताना आपल्याकडे बाईमाणसाची जीभ जड होते, मला माहीत आहे. म्हणून नाही म्हणूच नका. ‘सर, तुमच्या वर्गाची मुलं तुमचंच ऐकतात, शेरा तुमच्या अक्षरात हवा’ असं म्हणा. ते खरंही आहे.

मुख्याध्यापकांना ‘जमणार नाही’ सांगू नका. ते त्यांना ऐकायची सवय असते आणि त्यावर उत्तरही तयार असतं. त्याऐवजी हा हिशेब एका पानावर मांडून न्या: २२० मुलं, रोज तीन तास चाळीस मिनिटं, आणि त्याऐवजी तुम्ही काय करणार ते. सोबत तीन मागण्या: शाळेची खाती, प्रत्येक शिक्षकानं आपला वर्ग आपण सांभाळायचा असा लेखी आदेश, आणि वहीतला गृहपाठ ग्राह्य धरण्याचा नियम. केंद्रानं जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी काढलेल्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच ऑनलाइन सत्रं सुचवली होती. ती टाळेबंदीसाठी होती खरी, पण तेव्हा शाळा बंद असूनही मर्यादा घातली होती, आता तर मुलं दिवसभर शाळेतच आहेत, एवढं त्यांच्या कानावर घाला. ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा देत राज्यातले शिक्षक अशैक्षणिक कामांविरुद्ध रस्त्यावर आले तेव्हा बहुधा तुमचे मुख्याध्यापकही मनातून त्यांच्याच बाजूचे होते. त्यांनाही वरून कोणीतरी ‘डिजिटल काय चाललंय’ विचारत असणार. आठवड्याच्या चाचणीचा आलेख त्यांना छापून द्या. वर दाखवायला त्यांना तेवढं पुरेल आणि तुमच्या संध्याकाळी सुटतील.

आज रात्री फक्त कोड बंद करा आणि स्ट्रीम आवरा. उद्या ती मुलगी. बाकीचं पुढच्या आठवड्यात.

तुमची,
ताई

ता. क. गुण मुलांना का दिसत नाहीत ते राहिलंच. ग्रेड्समध्ये तुमचे आकडे हिरवे दिसतात का? हिरवे म्हणजे कच्चे, ते फक्त तुम्हालाच दिसतात. ‘रिटर्न’ दाबलं की काळे होतात आणि मुलांकडे जातात. उगाच रात्री दाबू नका, सगळ्यांचे फोन एकदम वाजतील.